‘काही लागले तर सांग!’

बाळाला पाहायला गेल्यावर, किंवा रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात भेट झाली, की नव्या आईला सगळेच जण एक वाक्य न चुकता सांगतात: ‘काही लागले तर सांग हं!’ वाक्य चांगले आहे. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऐकणारीलाही तेवढ्यापुरते बरे वाटते. तरीही या वाक्याविषयी आज थोडे बोलावे असे आम्हांला वाटते, कारण ज्या बाईला मदतीची सर्वात जास्त गरज असते तिलाच ते सर्वात कमी उपयोगी पडते.

समजा, एखाद्या घरात बाळ एकोणीस दिवसांचे आहे. नवरा बोटीवर आहे. मुलगी जन्मली तेव्हा बोट कुठल्या तरी दूरच्या बंदराच्या वाटेवर होती आणि त्याने लेकीचे तोंड पाहिले ते मोबाइलच्या पडद्यावर. तिची स्वतःची आई हयात नाही. सासूबाई घरात आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेले. त्या बाळाला मांडीवर घेतील, उचलून फिरवू शकणार नाहीत. आणि पावसाळा सरता सरता, आपल्या वसईत दरवर्षी होते तसे, त्या बाईला ताप भरतो. १०२. अंग मोडून येते, डोळ्यांमागे ठणका लागतो, उभे राहिले की भोवळ येते. असे घर आपल्या धर्मग्रामात कुणालाच अपरिचित नाही. बोटीऐवजी कुवेत म्हणा, दुबई म्हणा. डेंग्यूच्या तापाऐवजी सिझेरियनच्या टाक्यांत झालेला पू म्हणा, नाहीतर दगडासारखी लाल झालेली, दुखणारी छाती म्हणा. प्रकार तोच.

आता थोडा हिशेब करू या. तान्हे मूल सुरुवातीच्या आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिते. एका पाजण्याला अर्धा तास धरा. ढेकर काढणे, ओले दुपटे बदलणे, थोपटून पुन्हा झोपवणे याला आणखी अर्धा तास. म्हणजे दिवसाचे आठ ते बारा तास केवळ यातच गेले, आणि तेही सलग नाहीत. दर दोन-तीन तासांनी, रात्र असो की पहाट. बाळ दिवसाकाठी सोळा-सतरा तास झोपते हे खरे आहे, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्या तुकड्यांतच आईने जेवायचे, अंघोळ करायची, कपडे धुवायचे आणि उरले तर झोपायचे. धडधाकट बाई याने थकते. तापलेल्या बाईला तर वेगळीच धास्ती लागून राहते. उचलताना हात थरथरले तर? पाजता पाजता डोळा लागला आणि मूल अंगाखाली आले तर? हे विचार रात्री दोन वाजता येतात, आणि रात्री दोन वाजता ‘काही लागले तर सांग’ म्हणणारे वीस जण गाढ झोपेत असतात. त्यांनी झोपू नये असे आमचे म्हणणे नाही.

पण त्या वाक्याचा उपयोग करून घ्यायला तिला काय काय करावे लागते, ते पाहा. आधी स्वतःला नेमके काय हवे ते ठरवायचे. मग वीस जणांतून कुणाला सांगावे ते निवडायचे. फोन करायचा, आजाराची सगळी कथा सांगायची. समोरच्याने ‘आज नाही गं जमणार’ म्हटले तर ते हसून घ्यायचे आणि दुसऱ्याला फोन लावायचा. कुणी येणार असेल तर घर आवरायचे, कारण पसारा दिसला तर काय म्हणतील? मग त्या उपकाराची आठवण मनात जपून ठेवायची. जिच्यात काम करायची ताकद उरलेली नाही तिच्यावर आपण न कळत आणखी एक काम टाकलेले असते, मदत मागण्याचे. ते काम तिच्याने होत नाही. ती फोन करत नाही. आणि महिन्याभराने भेट झाली की आपणच म्हणतो, ‘अगं, सांगायचे तरी होतेस!’

बाळंतपण हा एकट्या बाईचा कारभार पूर्वी कधीच नव्हता. पहिले बाळंतपण माहेरी. ओल्या बाळंतिणीने सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक, बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई. हे आपल्याकडेच होते असेही नाही. चिनी लोक बाळंतिणीच्या विश्रांतीला ‘महिना बसणे’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेत त्या चाळीस दिवसांना ‘क्वारेन्तेना’ असा खास शब्द आहे. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात मुलगा झाल्यास आईने चाळीस दिवस मंदिरात येऊ नये असा नियम सांगितला आहे (मुलगी झाल्यास ऐंशी!). प्रभूच्या समर्पणाचा सण आपण २ फेब्रुवारीला पाळतो, तो नाताळापासून बरोबर चाळिसाव्या दिवशी येतो, त्यामागे हाच नियम आहे.

या जुन्या पद्धतींचे सरसकट कौतुक करावे असे आम्हांला वाटत नाही. त्यांत विटाळाची कल्पना होती, मुलगी झाली म्हणून आखडलेले हात होते, अमुक खाऊ नको आणि तमुक पिऊ नको अशी खुळे होती. कोंदट खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बाळ-बाळंतिणीला आत बसवणे तर तेव्हाही धोक्याचे होते आणि आजही आहे; कोळशाच्या धगीतून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पण त्या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती. कुणाला काही मागावे लागत नसे. कोण केव्हा येणार, पेज कोण करणार, धुणे कोण नेणार, हे आधीच ठरलेले असे. बाळंतिणीला आजारी पडण्याची मुभा होती, कारण तिच्या मागे माणसे उभी होती.

ती घडी मोडली यात कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. आजची आजी स्वतः नोकरी करते. घरटी दोन मुले, तीही एक बोरिवलीला आणि एक कॅनडात. वाडीतली घरे जाऊन इमारती झाल्या. दार लावले की शेजारणीला आपले रडणे ऐकू जात नाही. कायद्याने थोडा हात दिला आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी नोकरदार आईची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. वडिलांच्या वाट्याला मात्र फारसे काही आलेले नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीत ते मालकाच्या मर्जीवर असते. बोटीवरच्याला तर सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर लांबच. आणि आजीला, आत्याला, मावशीला बाळंतपणाची रजा कुठला कायदा देतो?

आता खरा प्रश्न. ‘आईने सोसायचेच असते’ हे आपल्याकडे फार आदराने म्हटले जाते, आणि आपण श्रद्धावंत माणसे त्याला त्यागाचे नाव देतो. एकटीने, आजारपणात, कुणाला न सांगता मूल सांभाळले तर तो सद्गुण आहे काय?

येथे अनेकांना संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला आठवतील. इटलीतील या बाई स्वतः डॉक्टर होत्या, तीन मुलांच्या आई होत्या. १९६१ साली चौथ्या बाळाच्या वेळी गरोदर असताना त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. बाळाला धक्का लागणार नाही अशीच शस्त्रक्रिया त्यांनी निवडली. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली आणि आठवड्याभरात, २८ एप्रिलला, जंतुसंसर्गाने त्यांचे निधन झाले. १६ मे २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांचे उदाहरण मोठे आहे यात शंका नाही. पण ते तापलेल्या बाळंतिणीला ऐकवताना थोडे थांबायला हवे. जियान्नांच्या पोटातली गाठ दुसरी कुणी आपल्या पोटात घेऊ शकत नव्हती. त्या ओझ्याला दुसरा खांदाच नव्हता. आपल्या या आईच्या ओझ्याला मात्र खांदे आहेत, पन्नास पावलांवर आहेत. अंगावर पाजणे सोडले तर बाकी सगळे दुसऱ्याला करता येते: दुपटी धुणे, बाळाला दोन तास मांडीवर घेणे, औषध आणणे, भात लावणे. शेजारच्या दोन तासांनी जे टळले असते ते सोसणे तिच्यावर आपण लादलेले असते. त्याला त्याग म्हणून गौरवणे म्हणजे आपली गैरहजेरी झाकणे होय. हे कडक वाटेल. पण आमचे मत विचाराल तर ते असेच आहे.

न बोलावता जाण्याने किती फरक पडतो, हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले आणि त्या नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या. बाळाला तपासायचे, वजन करायचे, ऊब कशी द्यावी ते आईला दाखवायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करायचे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच कल्पना देशभरासाठी घेतली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते. आईने बोलावले तर जायचे असा नियम नाही. दिवस ठरलेले आहेत. या कामात औषधे होती, शिकवण होती, वजनकाटा होता, हे खरेच. पण आम्हांला त्यातली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते ती हीच. आजारी घराची हाक येईपर्यंत थांबले तर पुष्कळदा उशीर झालेला असतो, हे कुणीतरी ओळखले होते.

जाणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून येथे सांगतो. सर्दी, फ्लू, डेंग्यू अशा तापात आईने अंगावरचे दूध तोडण्याचे कारण नसते. उलट तिच्या शरीरात आजाराशी झुंजणारे जे घटक तयार होतात ते दुधातून बाळाला मिळतात. ‘तापाचे दूध बाळाला बाधते’ हे आपल्याकडे अजून ऐकू येते आणि त्यापायी घाईघाईने बाटली सुरू होते. २०२० साली कोविडच्या साथीतही जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मास्क लावून, हात धुऊन पाजत राहण्याचाच होता. छाती दुखून लाल झाली तरी पाजणे थांबवायचे नसते. दूध साठून राहिले तर दुखणे वाढते. तापावर पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालते. डेंग्यूचा संशय असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र घेऊ नये. कोणतेही औषध घेताना ‘मी अंगावर पाजते’ हे डॉक्टरांना आधी सांगावे.

काही लक्षणांना वाट पाहणे नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाचे अंग १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापले, बाळ पिईनासे झाले, सुस्त पडले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, झटके आले, तर त्याच घटकेला दवाखाना. आईच्या बाबतीत जोराचा रक्तस्राव, तापाबरोबर दुर्गंधीचा स्राव, डोके असह्य दुखून डोळ्यांसमोर अंधारी येणे, एकाच पायाला सूज येऊन दुखणे, धाप लागणे. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. रात्री हा फोन कोण करील आणि मोठे मूल कुणाकडे राहील, हे दुपारीच ठरवून ठेवावे.

शरीराबरोबर मनाचेही पाहावे लागते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे हे पुष्कळ जणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, भूक-झोप उडाली, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासे झाले, ‘मी नसते तर बरे’ असे शब्द तोंडातून आले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली दहा साध्या प्रश्नांची एक यादी जगभरचे डॉक्टर यासाठी वापरतात; गेल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच ती विचारते. म्हणजे कुणीतरी जवळ बसून विचारायला हवे. अशा बाईला ‘जास्त प्रार्थना कर’ एवढेच सांगून परत येणारी माणसे आहेत. प्रार्थना अवश्य करावी, तिच्यासाठी आपणही करावी, पण तिची श्रद्धा कमी पडली म्हणून हे झाले असे तिला भासवणे हा तिच्यावर अन्याय आहे. सरकारने २०२२ साली ‘टेली मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा त्यांचा क्रमांक. पैसे पडत नाहीत.

दूर असलेल्या नवऱ्याविषयीही बोलले पाहिजे. पुष्कळ घरी बाई ताप लपवते. ‘ते तिकडे एकटे, उगाच काळजी कशाला?’ हे तिचे प्रेम असते. तोही फोनवर ‘सगळे ठीक ना?’ असे विचारतो, ‘हो’ हे उत्तर ऐकतो आणि ड्यूटीवर जातो, कारण दुसरे उत्तर आले असते तर काय करावे हे त्याला कळले नसते. दोघेही एकमेकांना जपतात आणि दोघेही एकटे पडतात. लग्नाच्या दिवशी सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात साथ द्यायचे जे वचन वेदीसमोर दिले, त्यात आजार कळणे हे तर पहिले आले. ज्याला कळूच दिले नाही तो साथ कशी देणार?

‘मी इथून काय करणार?’ हा त्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. मागण्याचे जे काम आजारी बाईच्याने होत नाही, ते तो करू शकतो. त्याला ताप नाही, त्याच्या मांडीवर मूल नाही, त्याच्याकडे फोन आहे. बहिणीला, मित्राच्या बायकोला, समूहाच्या प्रमुखाला त्याने स्वतः फोन करावा: ‘तिला ताप आहे, आज रात्री तुम्ही झोपायला जाल काय?’ बाईने मागितले की तिला कमीपणा वाटतो; नवऱ्याने मागितले की ते कुटुंबाचे बोलणे होते. हे असे का, यावर वाद घालता येईल. पण आहे ते असे आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. बोटीवर जाण्याआधीच अशा तीन माणसांशी बोलून ठेवता आले तर फारच उत्तम. महिन्याचे पैसे पाठवले की कर्तव्य संपले असे मानणारे नवरेही आहेत. पैशाने दुपटी विकत येतात, रात्री दोन वाजता ती बदलणारा हात येत नाही.

गब्रिएल दूताने पवित्र मरियेला अलीशिबेची बातमी दिली, त्या प्रसंगात एक गोष्ट आपल्या सहज लक्षात येत नाही. ‘तिच्याकडे जा’ असे दूताने सांगितले नव्हते. अलीशिबेनेही निरोप धाडला नव्हता. संत लूक तर म्हणतात की ती पाच महिने कुणाच्या दृष्टीस पडली नाही. नवरा घरात होता, पण त्याची वाचा गेलेली. (घरात असून न बोलणारे नवरे आजही आहेत, त्यांना मात्र देवदूताचे कारण नाही.) मरिया स्वतः नुकतीच गरोदर, वाट डोंगराळ. ती उठली आणि गेली, आणि चहा पिऊन परत आली नाही, सुमारे तीन महिने राहिली. आपण जपमाळेत आनंदाच्या दुसऱ्या रहस्यात या भेटीचे मनन करतो ते पाच-सात मिनिटांचे. ते तीन महिने कसे गेले असतील याचे वर्णन शुभवर्तमानात नाही. म्हातारपणी पहिलटकरीण झालेल्या बाईच्या घरात काय काय कामे असतात, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको.

यावर काही जण म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, की न विचारता कुणाच्या घरात घुसणे हाही त्रासच आहे. काही बायकांना आजारपणात माणूस नको असते. पाहुणी येते, बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसते, चहा तिलाच करून द्यावा लागतो, जाताना ‘आमच्या वेळी एवढी थेरे नव्हती’ असेही सुनावून जाते. असे जाणे नसलेले बरे. म्हणून प्रश्न विचारावा, पण असा की त्याला ‘हो’ म्हणणे सोपे जाईल. ‘काही लागले तर सांग’ ऐवजी ‘मी उद्या अकराला पेज आणि मुगाचे वरण घेऊन येते, की संध्याकाळी आणू?’ असे म्हणावे. ‘धुणे आज न्यायला येते, पिशवीत भरून दाराशी ठेव.’ ‘मोठ्याला शाळेत मी सोडते, शुक्रवारपर्यंत.’ यात तिला विचार करायचा नाही, निवड तेवढी करायची आहे. नको असेल तर ती नको म्हणेल. त्याचा राग मानू नये आणि चार दिवसांनी पुन्हा विचारावे.

एक घर मात्र या सगळ्यातून सुटते. आपण वाडीत ज्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांत उत्तरेकडून, मराठवाड्यातून, ओडिशातून आलेली कुटुंबे राहतात. नवरा ट्रकवर, नाहीतर साइटवर, आठ-आठ दिवस बाहेर. तिचे माहेर हजार मैलांवर. तिला आपली भाषा नीट येत नाही, ती आपल्या समूहात नाही, आपल्या चर्चमध्ये येत नाही, आणि ‘काही लागले तर सांग’ हे पोकळ वाक्यसुद्धा तिला कुणी म्हणत नाही. महिन्याच्या पाच तारखेला भाडे घ्यायला आपण तिच्या दाराशी जातोच. आतून तान्ह्याचे रडणे बराच वेळ ऐकू आले तर भाड्याची वही काखेत ठेवून एवढे विचारायला काय हरकत आहे, की पोरी, तू जेवलीस का? तिसऱ्या दिवशी यायची ती आशाताई आली होती का?

जायचे ठरवलेच तर: आपल्याला सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये, डबा शेजारच्या हाती पाठवावा. आत गेल्यावर आधी हात साबणाने धुवावेत. बाळाचा मुका घेऊ नये. फोटो काढू नये. बाळ कुणासारखे दिसते यावर नंतर बोलता येईल, आधी बाळाच्या आईकडे पाहावे, तिने पाणी कधी प्यायले ते विचारावे. ती झोपेल असे पाहावे आणि बाळाला दुसऱ्या खोलीत नेऊन तेथेच बसावे. मोरीतली भांडी दिसली तर विचारू नये, घासावीत. निघताना आपला डबा परत मागू नये. तो धुऊन परत करायची काळजी तिला नको. आणि पुन्हा कोणत्या दिवशी येणार ते सांगून निघावे, म्हणजे मधल्या रात्री तिला तेवढे तरी ठाऊक असते की गुरुवारी अकरा वाजता दार वाजणार आहे.